कच्चं कडं

"आणि ते कच्चं कडं घालू नको हां, शांते," अंगणातल्या खुर्चीत पाय पसरून हैबतराव म्हणाला. "माझ्या नितेशच्या लग्नात घोडी सुटली तर रोह्यात तोंड दाखवायला जागा उरायची नाय."

शांती सुताला पीळ घालत होती. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

"नाय घालत," ती म्हणाली.

आतल्या खोलीत तिचा नवरा जनू भिंतीला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकलं असणार. पण तो बाहेर आला नाही. हैबतरावनेही त्याची चौकशी केली नाही. लाल-पिवळा दोर हवा, सोनेरी गोंडे हवेत, आणि चंपाच्या तोंडाशी तूच हवीस, दुसऱ्या कुणाला ती जवळ येऊ देत नाही, एवढं सांगून तो गाडीत बसला. गडब गावाच्या हमरस्त्याला गाडी लागेपर्यंत शांती तिच्याकडे बघत होती. मग ती थुंकली.

घोडी धरून चालायचे दोर हे नवराबायको घरीच करत. बाजारातला दोर जनूला कधी आवडलाच नाही. सूत आणायचं, तीन पदर ओढायचे, एकाने खांबाशी धरायचं, दुसऱ्याने पीळ घालत मागे सरकायचं. शेवटी मात्र दोर घोडीच्या तोंडावरच्या म्होरकीला थेट बांधायचा नाही. मध्ये कच्च्या सुताचं एक छोटं कडं ठेवायचं. घोडी बुजून उधळली तर आधी ते कडं तुटतं. दोर माणसाच्या हातात राहतो, घोडी मोकळी पळते. माणसाचा हात वाचतो, आणि लोंबता दोर पायात येऊन घोडीही पडत नाही.

हैबतरावला हे कधी पटलं नव्हतं. पेणमध्ये त्याच्या वरातीच्या घोड्या होत्या आणि जनू त्या सांभाळायचा. चंपाला तर त्याने आणि शांतीने शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. एकदा भर बाजारात कडं तुटलं, चंपा सुटली, आणि वरात घोडीशिवाय गेली. हैबतरावची फार शोभा झाली. पुढच्या वरातीला त्याने जनूच्या हातात नायलॉनचा दोर दिला आणि बजावलं, "हाताला गुंडाळून घे. आता सुटली तर बघच."

जनूने गुंडाळून घेतला. फटाक्यांची माळ लागली, चंपा उधळली, दोर आवळला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली.

बोटं गेली ती गेली. पण हैबतरावने दुसऱ्याच दिवशी गावभर सांगितलं, जनू प्यायलेला होता. ज्या माणसाने जन्मात ताडीचा थेंब चाखला नव्हता, त्याच्याबद्दल! आणि लोकांना काय, गंमत हवीच असते. विठूच्या टपरीवर जनू चहाला गेला की कुणीतरी अंगठा तोंडाशी नेऊन विचारायचं, "काय जनूभाऊ, आज किती?" भाचीच्या बारशाला त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, आज जरा सांभाळून हां. त्या दिवसापासून जनू कुठे गेला नाही. दोरालाही त्याने हात लावला नाही. शांती खांबाला खुंटी मारून एकटीच पीळ घालायला शिकली.

आता ती हैबतरावचा दोर करत होती, आणि इतकं मन लावून तिने कधीच दोर केला नव्हता. हैबतरावच्या घराण्यात एक रीत होती. नवरदेव बसायच्या आधी रिकामी, सजवलेली घोडी देवळापासून नवरदेवाच्या दारापर्यंत वरबापाने स्वतः धरून आणायची. म्हणजे दोर त्याच्या हातात असणार. चंपा फटाक्यांना बुजणार. आणि शांतीने काही करायचंच नव्हतं. फक्त चंपाच्या नाकावरचा हात काढायचा आणि बाजूला व्हायचं. कडं नको असं तर तो स्वतःच म्हणाला होता. प्रत्येक पिळाला ती मनात म्हणे, बोटं घेतलीस, बोटं देशील. तिला त्याची लाज वाटत नव्हती. उलट त्या दिवसांत तिला जेवण गोड लागू लागलं होतं.

लग्नाच्या सकाळी ती नागोठण्याला उतरून दुसऱ्या गाडीने रोह्याला गेली. देवळासमोर मांडवातली माणसं जमलेली, मुलीकडची मंडळी नटून उभी, बेंजोवाले जोरात. चंपाने तिला लांबूनच ओळखलं आणि फुरफुरली. शांतीने दोर म्होरकीच्या कडीत ओवला आणि पक्की गाठ मारली. दुसरं टोक हैबतरावच्या हातात दिलं.

रेशमी फेट्यातला हैबतराव फोटोवाल्याकडे बघून हसत होता. तेवढ्यात चंपाने मान झटकली. तो दचकला, आणि कुणीही न सांगता त्याने दोराचे दोन वेढे स्वतःच्या पंज्याला मारून घेतले. जनूच्या हाताला होते तसेच.

शांतीचा हात चंपाच्या नाकावर होता. समोर हैबतरावचा पुतण्या गणेश पेटती उदबत्ती घेऊन फटाक्यांच्या माळेशी वाकला होता.

"गणेश, थांब रे जरा," ती ओरडली. बेंजो थांबला. का थांबवलं ते तिलाही नीट कळलं नव्हतं. हात काढून बाजूला होणं एवढंच तर बाकी होतं. पण नुसती बोटं घेऊन तिचं भागणार नव्हतं. गेलेली बोटं बोलत नाहीत, जनूवरचा आळ तसाच राहिला असता.

ती हैबतरावच्या कानाशी गेली. "शेठ, दोराला कडं नाय हां. तुमीच नको बोललात."

हैबतरावने खाली हाताकडे पाहिलं. मग माळेकडे. त्याने वेढे सोडवायला ओढ दिली तशी चंपा मागे सरली आणि दोर करकचून आवळला.

"घोडीला पुढं घे, शांते."

"घेते ना. आधी सांगा, त्या दिवशी माझा नवरा प्यायला होता काय?"

"येडी झालीस काय? लोकं बघतायत."

"म्हणून तर इचारते."

चंपाने पाय आपटला. हैबतरावची बोटं लालसर झाली होती, तोंड पांढरं पडलं होतं. "नव्हता," तो पुटपुटला.

"मुलीकडच्यांना ऐकू नाय गेलं."

"नव्हता प्यायला!" हैबतराव ओरडला. "दोर मीच दिला, गुंडाळायलाही मीच सांगितलं! आता घे तिला पुढं!"

विहीणबाईंचा पदर तोंडाशी गेला होता. शांतीने घोडीला लगेच पुढे घेतलं नाही. तो घाबरलेला चेहरा तिला आणखी थोडा वेळ बघायचा होता, आणि तिने तो बघितला. मग तिने चंपाच्या कपाळावर हात ठेवला. चंपा एक पाऊल पुढे आली, दोर सैल पडला. शांतीने त्याच्या हातावरचा एकेक वेढा सोडवला, म्होरकीची गाठही सोडली आणि दोर गुंडाळून काखेत मारला.

"अगो, मग घोडी कशानं आणायची?" गणेशने विचारलं.

"नायलॉनचा असंल की शेठच्या गाडीत," ती म्हणाली. "आनि त्या माळा देवळातच ठेवा. घोडी बुजते."

उन्हं कलायच्या आत ती घरी आली. वाटेत विठूच्या टपरीवर बातमी तिच्या आधीच पोचलेली दिसत होती, कारण तिला बघून माणसं गप्प झाली आणि विठू उगाचच फडक्याने टेबल पुसायला लागला. जनू ओटीवर येऊन बसला होता.

"बोलला," शांती म्हणाली. "सगळ्यांसमोर. मोठ्यानं."

जनूने मान हलवली. मग विचारलं, "चंपा बुजली काय?"

"नाय."

तिने दोर त्याच्यासमोर टाकला. जनूने अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत टोक उचललं, चाचपलं, उलटं करून पुन्हा चाचपलं.

"कडं कुठाय?"

"घातलंच नव्हतं."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती काय करायला रोह्याला गेली होती ते आता त्याला कळलं. तिनेही नजर चुकवली नाही. त्याने शाबासकी द्यावी असं तिला फार वाटत होतं.

"घोडी पडली असती गो," जनू हळूच म्हणाला. "पायात दोर येऊन."

शांतीला एकदम रडू आलं. इतक्या दिवसांत तिने हैबतरावच्या हाताचा विचार केला होता, नितेशच्या मांडवाचा केला होता. आपणच वाढवलेल्या घोडीचा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

जनू उठला. कोनाड्यातली कच्च्या सुताची गुंडी काढून परत ओटीवर येऊन बसला. सुताचं एक टोक त्याने दातात धरलं, दुसऱ्याला अंगठा आणि करंगळीने पीळ घालायला लागला. सूत निसटलं. त्याने ते पुन्हा उचललं.

"रडते काय," दातातल्या सुतामुळे त्याचे शब्द नीट येत नव्हते. "दोर धर इकडं."

डोळे पुसून शांतीने दोर धरला.