ओढा कोरा वाहिला तो दिवस

कापड रंगवण्याच्या धंद्यात लाल रंगाइतका चिकट कुणी नाही. कापडाला एक वेळ सोडेल, पाण्याला सोडायचा नाही. म्हणूनच सासऱ्यांचा रंगाचा कारखाना चालवणाऱ्या सुनेने आज मुद्दाम लाल रंगाचीच कढई चढवली. नव्या टाक्यांतून गाळलेलं पाणी ओढ्यात स्वच्छ पडलं तर कारखाना चालू राहणार, नाहीतर संध्याकाळी तपासनीस येऊन कुलूप ठोकणार होते. कामगारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सून मात्र खुशाल पदर खोचून उभी होती.

"लाल जमला की सगळे जमले," ती म्हणाली. "सोडा पाणी."

पाणी सोडलं, आणि थोड्या वेळात सासरे धापा टाकत दारात हजर. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. हा कारखाना त्यांनीच उभारलेला. आता घरबसल्या ओढा बघायचा आणि आज कुठला रंग चाललाय ते ओळखायचं, एवढंच काम उरलेलं.

"कुलूप लागलं ना? मला सांगायचं तरी, पोरी."

"कसलं कुलूप, बाबा? लाल चाललाय."

"मला शेंड्या लावू नकोस. ओढा कोरा वाहतोय."

तिने त्यांना हाताला धरून आत नेलं. कढईत लालभडक रंग उकळत होता. मग मागच्या दारी नेलं. नळातून पडणाऱ्या पाण्याखाली खडा न् खडा दिसत होता. म्हातारा मटकन पायरीवर बसला. त्याने धारेखाली हात धरला; हात कोराच राहिला.

"मास्तरीणबाईंना बोलाव," ते म्हणाले.

सून चमकली. पलीकडच्या काठावरच्या या बाई वर्षानुवर्षं ओढ्यासाठी तक्रारी करत आलेल्या, आणि सासरे त्यांना कारखान्याची साडेसाती म्हणायचे.

बाई आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. सासऱ्यांनी उठून हात जोडले.

"बाई, तुम्ही हात धुऊन मागे लागलात म्हणून या पोरीने टाक्या बांधल्या, आणि कारखाना वाचला. फार उपकार झाले."

बाई पाण्याकडे बघतच राहिल्या. "पाय घालू का यात?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबा, आधी मी," म्हातारा म्हणाला. धोतर सावरून तो ओढ्यात उतरला आणि त्याने बाईंना हात दिला.