एकाच घराची तपासनी

सागरचा फोन आला तवा साडेचार वाजले व्हते. वर्षाली अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसली व्हती, अन् सागर तिकडं बार्शीटाकळीजवळच्या तिच्या गावात, भाजीची गाडी घेऊन.

"ताई, गाडी भरली. निंगू का अकोल्याले?"

"भरली? किती घरं झाले?"

"एकच. उत्तमरावचं. बारा शेकडे मेथी देल्ली त्यायनं. म्हने ऑर्डरच बाराची हाये."

ऑर्डर बारा शेकडे जुड्यायची व्हती हे खरं, पन ते साऱ्या गावाची. घरं बारा, दर घरी एक शेकडा.

आता ते कसं झालं ते आयका. या पोरीनं गावातल्या भाजीवाल्यायसाठी सॉफ्टवेअर बनवलं व्हतं. अकोल्याहून ऑर्डर आली का ते घराघरात वाटे, अन् दुपारी बारा वाजता जेच्या तेच्या मोबाइलवर मेसेज धाडे, आज एवढी मेथी काढा. सारा कारभार क्लाउडवर, म्हंजे कोन्या दूरच्या कंपनीचे भाड्यानं घेतलेले कॉम्प्युटर. वर्षालीनं कोडात काई बदललं का तिकडं आपोआप नवं बिल्ड, म्हंजे चालवाले तयार असं सॉफ्टवेअर बने, आपोआप त्याच्या तपासन्या होत, अन् पास झालं का मानसाचा हात न लागता चालू. सकाळी तिनं असाच एक बदल धाडला. साऱ्या तपासन्या हिरव्या, म्हंजे पास निंगाल्या, अन् ते दुसऱ्या कामाले लागली.

आता तिनं उघडून पाहिलं. भागाकाराची ओळच उडाली व्हती, म्हनून दर घरी बाराचाच मेसेज गेला व्हता. मंग तपासनीत सापडली काहून नाई? तपासनीत तिनं घर एकच धरलं व्हतं, आपल्या मायचं. बाराले एकानं भागा नाई तं नोका भागू, बाराच राह्यतात.

ओळ परत टाकली, बटन दाबलं. नवं बिल्ड बनून, तपासून चालू व्हाले बावीस मिनिटं. मधातून घुसाची सोय नव्हती. ते दार तिनंच बंद केलं व्हतं, घाईत कोनी वाकडंतिकडं धाडू नये म्हनून.

मायले फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मायची चिंता तिले नव्हती, मायजवळ मेथी व्हतीच एका शेकड्यापुरती. मंग बारा घरातल्याच किसनरावले लावला.

"काका, मी वर्षाली. मेथी उपटनं थांबवा. तुमची एकच शेकडा पायजे, मेसेज चुकला."

"कोन वर्षाली?"

"अवो काका, गंगूबाईची."

"गेल्या महिन्यात बी एक गंगूबाईचीच बोलली व्हती." मागं बाया हसल्या. "मेसेजात बारा हाये बाई. फोनवरचं आमी आयकत नाई."

"माहा आवाज वळखत नाई का तुमी?"

"आवाजाचं काय घेऊन बसली? मोबाइलात आता कोनाचाई आवाज काढतेत, तोंड बी काढतेत. वर्षाली सोता देवळापुढं उभी राहून सांगून गेली, माहा फोन आला तरी आयकू नका, मेसेज तेच खरं."

सांगितलं व्हतं. दलालाचे लोक तिच्या नावानं फोन करत, आज तोडू नका, गाडी येत नाई. अन् तेवढ्यात आपला माल पुढं काढत.

"काका, पाया पडतो तुमच्या."

"पड. आठ बाया लावल्या हायेत मी, मले बोलाले येळ नाई."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्यानं शिवी घातली. तिनं सागरले वावरावावरात पळवलं, तं शकुनबाईनं त्याले बांधावरूनच हाकललं, म्हने तू कवापासून दलालाचा झाला रे? स्क्रीनवर अजून अकरा मिनिटं. वर्षाली नखं खात बसली. एकेक मिनिटाले तिकडं किती मेथी उपटून होत असन, याचा तिनं हिशोब लावाले घेतला अन् सोडून देल्ला.

बाविसाव्या मिनिटाले बिल्ड पास झालं. नवा मेसेज गेला, दर घरी एक शेकडा. लगेच किसनरावचा फोन.

"आता एक म्हनते का? आता?" अन् ठेवून देल्ला.

त्याच्या मागं मायचा.

"वर्षे, फोन घरीच ठेवून गेलती मी वावरात. आताच आली. भेव नोको, तुही ऑर्डर पुरी केली."

"पुरी? मेथी कुठी व्हती तुह्याजवळ?"

"नव्हतीच. मंग बियासाठी राखलेले वाफे उपटले. त्यात चार शेकडे निंगाले. बाकीची शेजारच्या जमुनाच्या वावरातून आनली, तिचं कुठी नाव हाये आपल्या बारा घरात. लोकायनं म्हनाले नाई पायजे का पोरीच्या घरचीच ऑर्डर कमी पडली."

"माय, सारं बियानं उपटलं?"

"मंग काय करू? बारा म्हने तुहा मेसेज." तिकडं कोनी तरी जुड्यायवर पानी शिंपडून राह्यलं व्हतं. "सागरले सांग लवकर ये म्हना. ढीग गरम होऊन राह्यला. कितीले येते गाडी?"

"येत नाई, माय. उत्तमरावच्याच मेथीनं भरली," वर्षाली म्हने.

तिकडं पानी शिंपडनं सुरूच व्हतं.