अकरा वर्षं गाळलेली ओळ

घडीमावशी अकरा वर्षं प्रार्थनेतली एक ओळ गाळत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. लागणार तरी कसा? रविवारी चर्चमध्ये साठ-सत्तर माणसं प्रभूने शिकवलेली प्रार्थना एका सुरात म्हणतात. त्यात एक बाई एका ओळीपुरती गुळणी धरून उभी राहिली, तर कोण कान लावून बसलंय? ओळ कुठली, तर देवाचं राज्य येऊ दे अशी मागणी करणारी. मावशी आधीची ओळ म्हणायची, ओठ मिटायची आणि पुढच्या ओळीला सगळ्यांना गाठायची.

घडीमावशी हे नाव तिला लॉन्ड्रीत पडलं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात. जी चादर दोघींनी दोन टोकं धरून घडी करायची, ती मावशी टेबलाच्या कडेला अडकवून एकटी करायची, आणि चारही कोपरे असे जुळायचे की मॅनेजरला खोट काढायला जागा उरत नसे. कामात चुकारपणा नाही, बोलण्यात आडपडदा नाही, अशी ही बाई. आणि देवासमोर मात्र सरळ सरळ लबाडी! हा तिचाच शब्द बरं का, माझा नव्हे.

त्या सोमवारी पाळकच लॉन्ड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. पोरगेलासा माणूस, चष्म्यावर लगेच वाफ धरली.

"मावशी, प्रार्थना चालवणाऱ्या आपल्या आजीबाई मुलीकडे राहायला गेल्या. येत्या रविवारी प्रार्थना तुम्ही चालवायची. पुढे उभं राहून एकेक ओळ म्हणायची, मागून सगळे म्हणतील."

मावशीने गळ्याला हात लावला. "माझा घसा बसलाय हो."

"आत्ता तुम्ही मशीनवाल्याला हाक मारलीत ती मला कोपऱ्यावर ऐकू आली," पाळक म्हणाला, आणि चष्मा पुसत निघूनही गेला.

झालं! आता एकेक ओळ मोठ्याने म्हणायची, तर गाळणार कशी? आणि म्हणायची तर कुठल्या तोंडाने?

ओळ का गाळायची, तेही सांगते. मावशीला एक मुलगी होती. चार वर्षांची. तापाने तीन दिवसांत गेली. दफन झाल्यावर मंडळी घरी आली, त्यांत चर्चमधले दोन वडीलधारे होते, मास्तर आणि शिंपीकाका. या दोघांचं आयुष्य एका वादात चाललेलं. मास्तरांचं म्हणणं, देवाचं राज्य अजून यायचंय, शेवटच्या दिवशी येईल. शिंपीकाकांचं म्हणणं, छे, ते तर आलंय, आपल्यात आहे, डोळे उघडा. एरवी चहाच्या कपावर चालणारी ही जुंपाजुंपी त्या दिवशी त्यांनी मावशीच्या खोलीत आणली. मास्तर म्हणाले, "रडू नका, राज्य येईल तेव्हा पोरगी भेटेल." काका म्हणाले, "राज्य इथेच आहे, मग रडायचं कशाला?" घरात पोरीचे कपडे अजून दोरीवर होते आणि ही शहाणी माणसं हे बोलली! चांगली माणसं, पण अक्कल कुठे ठेवून आली होती कोण जाणे.

मावशीचा नवरा नळवाला. गळके नळ, तुंबलेले पाइप, हेच त्याचं जग, आणि बोलणं मोजकं. तो उठला आणि म्हणाला, "इथे असेल तर माझी पोर दाखवा. यायचं असेल तर लवकर आणा म्हणावं." आणि पायात चपला घालून बाहेर पडला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही.

तेव्हापासून मावशी पेचात पडली. राज्य आलं तर लेक भेटेल. पण राज्य आलं आणि नवरा असाच रुसून बाहेर राहिला, तर दार लागेल, आणि तो एकटा बाहेर. एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला नवरा, आणि मागायचं तरी काय? शेवटी तिने ठरवलं की आपण मागायचंच नाही. तो परत आला की मग मागू. लेकीला मनातल्या मनात सांगायची, थोडी थांब हं बाळा, तुझा बाबा अजून यायचाय. हे सांगताना तिचा जीव तीळ तीळ तुटायचा, पण ओळ काही तोंडातून निघत नसे.

गुरुवारी तिला राहवलं नाही. सुटी झाल्यावर ती पाळकाच्या खोलीवर गेली. नवऱ्याचं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं, "राज्य आलंय की यायचंय? एक काय ते सांगा."

"आलंयही आणि यायचंयही," पाळक म्हणाला.

मावशी भडकली. "वा! गिऱ्हाइकाला मी सांगू का, तुमच्या चादरी झाल्याही आणि व्हायच्याही आहेत? मॅनेजर हाकलून देईल मला."

पाळकाने डोकं खाजवलं. "धुतल्यात, पण वाळायच्यात, असं नसतं का कधी?"

दोरीवरच्या ओल्या चादरी कोण नाकारणार? धुणं झालेलं असतं, तरी अंथरता येत नाही. एवढं तिला पटलं. पण तिचा प्रश्न तो नव्हताच. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आणि वाळेपर्यंत कुणी आत आलंच नाही तर?"

"ते ठरवायचं काम माझं नाही, मावशी. आणि तुमचंही नाही," पाळक म्हणाला. उत्तर बरोबर असेल, पण त्याने रात्रीची झोप येते थोडीच!

शनिवारी संध्याकाळी ती घरी सराव करायला उभी राहिली. दोन खोल्यांचं घर. नळवाला मोरीत पाना घेऊन बसला होता. गावभर नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ चार महिने गळत होता, आणि मावशीने त्याला त्यावरून कमी बोल लावले नव्हते. आज एकदाचा मुहूर्त लागला होता.

मावशीने डोळे मिटले आणि मोठ्याने सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मग ती थांबली. पाण्याचे दोन थेंब पडल्याचा आवाज आला.

आणि मोरीतून नळवाल्याने ती ओळ म्हटली.

सहज म्हटली. पाना फिरवता फिरवता, कुणी मीठ मागावं तशी. मावशीने डोळे उघडले.

"काय म्हणालात?"

"तू गाळतेस ती ओळ." त्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. "रोज रात्री झोपताना पुटपुटतेस ना, तेव्हाही गाळतेस. मी म्हणतो. मनात. आज तू मोठ्याने म्हणत होतीस म्हणून माझ्याही तोंडातून निघाली."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. मला वाटलं तू देवावर रागावलीस, म्हणून गाळतेस. म्हटलं, हिला भरीला पाडायला नको. पण कुणीतरी मागायला हवं ना. पोर तिकडे एकटी आहे."

मावशी त्याच्याजवळ येऊन बसली. मोरीच्या उंबऱ्याशी, ओल्या फरशीवर.

"अहो, मी रागावले नव्हते. मी तुमच्यासाठी गाळत होते. राज्य आलं आणि तुम्ही बाहेर राहिलात तर काय करू, म्हणून."

आता मात्र त्याने पाना खाली ठेवला. "मी? बाहेर? कुणी सांगितलं तुला?"

"अकरा वर्षं तुम्ही चर्चला आला नाहीत."

"मी त्या दोघांवर रागावलो. देवावरही रागावलो, खोटं कशाला बोलू. पण बोलणं टाकलं नाही त्याच्याशी. तुझ्याशी भांडतो तेव्हा घर सोडून जातो का मी?"

मावशी रडायला लागली आणि मध्येच तिला हसू फुटलं. हे असं तिला दफनानंतर कधी झालं नव्हतं. "अगं बाई, अकरा वर्षं! एक शब्द बोलला असतात तर?"

"तू तरी कुठे बोललीस?" तो म्हणाला, आणि ओल्या हातांनीच त्याने तिचा चेहरा धरला. तिचा जीव भांड्यात पडला. मग त्याने विचारलं, "मनात पोरीशी बोलायचीस ना? काय सांगायचीस?"

"थांब म्हणायचे."

"आणि मी म्हणायचो, आलोच." तो हसला. "पोरीचा गोंधळ उडाला असेल गं."

रविवारी मावशी पुढे उभी राहिली. नळवाला आला नव्हता, तिने बोलावलंही नव्हतं. ती ओळ आली आणि तिने ती अशी खणखणीत म्हटली की पहिल्या बाकावर मास्तरांनी डोळे उघडले, आणि दुसऱ्या टोकाला शिंपीकाकांनी. मागून सगळ्यांनी ती म्हटली. छत जागच्या जागी राहिलं. एक बाळ रडत होतं ते रडतच राहिलं. आणि मावशीला अंगावरून ओल्या चादरींचा गठ्ठा कुणी उतरवून घ्यावा तसं हलकं हलकं वाटलं.

चहाला ती थांबली नाही. दोघे म्हातारे तिच्या आवाजावरून लगेच जुंपले होते, एक म्हणे ही येणाऱ्या राज्याला हाक, दुसरा म्हणे ही आलेल्याचा आनंद. भांडू देत बापडे. ती झपाझप घरी निघाली.

नळवाला दारातच उभा होता, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून.

"म्हटलीस?"

"म्हटली. तुम्ही?"

"मीही. पावणेदहाला. तुम्ही सगळे कुठवर आला असाल, त्याचा अंदाज घेऊन."

"मग आज आपण दोघांनी एकदम मागितलं," मावशी म्हणाली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्यासमोर लेकीला तिच्या लाडक्या नावाने हाक मारली.