वाक्याआधीचं हसू

मायदेश सोडून आलेल्या चेक लोकांनी वसवलेल्या लिबेन गावच्या हॉलमध्ये भुतं आहेत, हे लुमीर व्होंद्राला चांगलं ठाऊक होतं. त्यातली निम्मी त्यानंच केलेली होती.

त्याचा धंदा हीटर दुरुस्तीचा. त्यामुळे गावातल्या प्रत्येक जुन्या इमारतीच्या पोटातून गरम हवेचे पत्र्याचे नळ कुठून कुठं जातात, ते त्याला पाठ. हॉलच्या तळघरात नळाला तोंड लावून कण्हलं, की आवाज थेट बायकांच्या पत्त्यांच्या टेबलाखाली निघायचा. एकदा त्यानं असंच घोगऱ्या आवाजात "रोझीऽऽ, पत्ता लपवू नकोस" म्हटलं, आणि रोझी कुचेरानं खरोखरच बाहीतून राजा काढून टेबलावर ठेवला. पन्नाशी आली तरी गडी सुधारला नव्हता. उरलेल्या निम्म्या भुतांच्या वाटेला मात्र तो कधी गेला नाही.

तर, १९८६चा सप्टेंबर. व्लास्ता तेताच्या स्वयंपाकघरात लुमीर पालथा पडून हीटरची जमिनीतली जाळी उचकटत होता. तेता म्हणजे मावशी, पण लिबेनमधल्या सगळ्या म्हाताऱ्या सगळ्यांच्याच तेता. तिची मुलगी मार्सेला ओमाहा शहरातून आली होती आणि आल्यापासून भांडत होती.

"आई, तू ओव्हनमध्ये पर्स ठेवलीस."

"बंद होता ओव्हन."

"आणि कुत्र्याला बाबांच्या नावानं हाक मारतेस!"

"तो ऐकतो तरी. तुझे बाबा कधी ऐकायचे?"

लुमीर जाळीत तोंड घालून फिसकन हसला.

"तू हसू नकोस रे माकडा," मार्सेला म्हणाली. दोघं शाळेत एका बाकावर होते, त्यामुळे हा मान त्याला जुनाच. "आई, ओमाहाला माझ्या घराजवळ चांगला वृद्धाश्रम आहे. मी जागा बघून ठेवलीय."

"मला जमणार नाही. ऑक्टोबरात हॉलमध्ये नाटक आहे. गिरणीवाल्या विधवेचं. विधवा मी."

"या वयात? आणि मागे दोन नवरदेव?"

"त्यातला एक सत्त्याऐंशीचा आहे. बिचाऱ्याला घाई आहे."

मार्सेलाला हसू आवरेना, म्हणून ती आणखीच चिडली. "ठीक. अख्खं नाटक न अडखळता कर, मी वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही. अडखळलीस, तर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गुपचूप गाडीत बसायचं."

तेतानं पिठाचा हात पुढं केला. मार्सेलानं तो धरला.

ती दुकानात गेल्यावर तेता खुर्चीत बसली. आवाजातला सगळा तोरा उतरला. "लुमीर, माझं डोकं गळतंय रे. बोलता बोलता मधेच सगळं पांढरं होतं. मला इथंच मरायचंय, या घरात. माझ्या चुलीपाशी."

"तेता, तू काळजी करू नकोस," लुमीर कपडे झटकत म्हणाला. "भोकात मी बसतो."

भोक म्हणजे प्रॉम्प्टरचं. हॉलच्या स्टेजच्या पुढच्या काठावर, मधोमध, कासवाच्या पाठीसारखं एक लाकडी झाकण आहे. ते प्रेक्षकांकडून बंद, नटांकडून उघडं. प्रॉम्प्टरनं तळघरातून शिडीनं चढायचं, बिअरच्या क्रेटवर उभं राहायचं आणि हनुवटी स्टेजला टेकवून वाक्यं सांगायची. लुमीरचा बाप बोहुस त्या क्रेटवर उभं राहूनच म्हातारा झाला. तो गेला आणि गावातली नाटकंही हळूहळू बंद पडली.

अडचण एकच. लुमीरला चेक येत नव्हती. बापानं मुद्दाम शिकवली नव्हती, शाळेत पोरं चिडवतात म्हणून. लुमीरला येत होत्या त्या फक्त शिव्या आणि मिठायांची नावं. मग तेतानं त्याला नाटक वाचून दाखवलं आणि त्यानं जसं ऐकू आलं तसं इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलं. अर्थ शून्य, पण कागद समोर असला की पोपट बरा बोलायचा. अगदी बारीक आवाजात बोलायचं, तेताला ऐकू जाईल आणि मार्सेलाला नाही. लुमीरला गुदगुल्या होत होत्या. आयुष्यातली सगळ्यात सुंदर फसवणूक!

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी दुपारी हॉल भरला. खाली डुकराचं भाजलेलं मांस, डंपलिंगचे उकडलेले गोळे आणि आंबट कोबी चापून लोक वर आले. नदी, पूल आणि किल्ला रंगवलेला पडदा गुंडाळत वर गेला. पहिल्या रांगेत, भोकाच्या अगदी समोर, नाटकासाठी पुन्हा आलेली मार्सेला पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

पहिलं पान छान गेलं. लुमीर कुजबुजत होता, तेता बोलत होती. दुसरं पान उलटलं आणि त्याच्या कागदावरचा छोटा दिवा गेला.

त्यानं दिवा हलवला. ठोकला. काहीच नाही. झाकणाखाली मिट्ट काळोख, कागद काळाठिक्कर. नाकासमोर फक्त तेताचे बूट, आणि ते थांबलेले. स्टेजवर शांतता पडली. वर बघितलं तर तेताचा चेहरा कोरा, ओठ अर्धवट उघडे. पांढरं झालं सगळं. लुमीरनं डोकं खाजवलं. एकही वाक्य आठवेना.

तेवढ्यात हॉल हसला.

मागच्या रांगांतले म्हातारे पोट धरून हसले. कशाला? तेतानं तोंडच उघडलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर ती भोकाकडे किंचित वाकली, मान डोलावली आणि कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्या नवरदेवाला म्हणाली, "मिशीला पीठ लागलं म्हणून कोणी गिरणीवाला होत नाही!"

या वाक्याला कोणी हसलं नाही. आधीच हसून झालं होतं.

लुमीरला बापाची नाटकं आठवली. लहानपणी या हॉलमध्ये नाटक असंच व्हायचं. बापाचा आवाज इतका मोठा की प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, आधी भोकातून, मग नटाच्या तोंडून. विनोद असला की लोक भोकातल्यालाच हसून घ्यायचे, नटाला नुसत्या टाळ्या. सगळ्यांना तेच नाटक वाटायचं.

पण आत्ता भोकात लुमीर होता. आणि त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

हॉल पुन्हा हसला. मग तेता बोलली. पुन्हा हसला. सत्त्याऐंशीचा नवरदेवही कान पुढं करून आपलं वाक्य उचलत होता. लुमीरला उतरून पळायचं होतं, पण पाय हलेनात. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण क्रेटच्या अगदी कडेला, एका पायावर उभे आहोत. कधी सरकलो? कोणासाठी जागा केली? क्रेटवर दुसरा पाय टेकवायची त्याची हिंमत झाली नाही. तो तसाच बगळ्यासारखा पडदा पडेपर्यंत उभा राहिला.

टाळ्या चालू असतानाच मार्सेला तळघरात उतरली. लुमीर बिअरच्या पिंपाला टेकून उभा होता.

"लाज नाही वाटत? पहिल्या रांगेत होते मी! प्रत्येक वाक्य आधी तू बोंबललास, मग आई बोलली. उद्या ती माझ्याबरोबर येतेय."

"मी नव्हतो."

"लुमीर!"

"आईशप्पथ. दुसऱ्या पानावर दिवा गेला. त्यानंतर मी तोंड उघडलेलं नाही."

"तू? आणि तोंड उघडलं नाहीस?" मार्सेला हसली, पण ते हसू वाईट होतं. "मग म्हण एक वाक्य. ते मिशीचं. कागदाशिवाय."

लुमीरनं खरंच प्रयत्न केला. बाहेर पडली ती बैलावरून द्यायची एक शिवी, आणि तीही मोडकी. तेवढी चेक मार्सेलाला येत होती. ती एका क्रेटवर हळूच बसली.

"आवाज बसलेला होता," ती म्हणाली. "आणि स म्हणताना शिट्टी वाजत होती."

"घोड्यानं लाथ मारली होती माझ्या बापाला. पुढचा दात नव्हता."

लुमीरही तिच्याशेजारी टेकला. वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. लुमीरनं आयुष्यभर लोकांना घाबरवलं, पण सोबत घाबरायला कोणी असलं की किती बरं वाटतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

शेवटी मार्सेलानं नाक पुसलं. "कोणी का असेना. आईला आठवलं नाही, एवढं खरं."

"काय आठवायचं होतं?" जिन्यावरून आवाज आला. तेता गिरणीवालीच्या वेशातच, कठड्याला धरून उतरत होती.

"नाटक, आई! तुला एक वाक्य पाठ नव्हतं!"

"कधी होतं?"

मार्सेला क्रेटवरून उठली. "तू तर नायिका असायचीस."

"असायचे ना. पहाटे गाई, मग बेकरी, मग तू. पाठांतराला वेळ कोणाला होता? बोहुस सांगायचा, आम्ही बोलायचो. स्टेजवर मला माझं नावसुद्धा तोच सांगायचा. विशीत नाही अडखळले, आज नाही अडखळले. पैज अडखळण्याची होती, पाठांतराची नव्हती."

"आई, बोहुसकाका गेलेत."

"म्हणून काय यायला बंदी आहे?"

मार्सेलानं डोळे मिटले. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आणि घरी? घरी तुला कोण सांगणार?"

"तोच सांगतो की. ओव्हन लावायच्या आधी पर्स काढ म्हणाला, म्हणून तर काढली."

मार्सेलानं झटकन लुमीरकडं बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. तेताच्या घरातल्या नळांत त्यानं कधीच तोंड घातलं नव्हतं. ती एकटी राहायची, म्हणून तेवढं एक घर त्यानं सोडलं होतं.

मार्सेला त्या रात्री आईकडंच झोपली. सोमवारी सकाळी लुमीर नाटकाच्या गडबडीत राहिलेला हीटर जोडायला गेला, तेव्हा ती गाडीत एकटीच बसलेली. मागच्या सीटवर एकच बॅग होती, तिची स्वतःची. डोळे सुजलेले. तिनं काच खाली केली.

"रोज चक्कर मारत जा तिच्याकडे."

"मारीन."

"थट्टा नको करूस."

"नाही करणार."

तिनं गाडी चालू केली, मग पुन्हा थांबली. "आणि काकांना सांग, रात्री जरा हळू बोला म्हणावं. तिनं औषध घेतलं, दार लावलं, सगळं केलं. पण भिंतीपलीकडं मला डोळा लागला नाही."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत लुमीर तिथंच उभा होता. मग तेताच्या दाराशी गेला. या घरात तो जन्मभर न विचारता शिरत आला होता. आज त्यानं टोपी काढली, दार वाजवलं आणि आतून कोणी 'ये' म्हणेपर्यंत थांबला.