तळपायांचा आरसा

मी हातातला आरसा बोलतोय. गुलाबी प्लास्टिकची चौकट, खाली दांडा आणि एका कोपऱ्याला तडा. साकीनाक्याच्या एका गाळ्यात मला कापलं, चौकटीत बसवलं. तिथून मी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर आलो आणि तिथून जान्हवीच्या पर्समध्ये.

जान्हवी अंधेरीच्या एका ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. घर भटवाडीत, एका खोलीचं. घरात वडील लवू आणि आई जानकी. लवूकाका गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत लिफ्टमन होते, आता घरीच असतात. जानकीकाकी चार घरी पोळ्या करायची. तिला बारा वर्षांपासून साखरेचा आजार.

रात्रीची जेवणं उरकली की जान्हवी मला खिडकीच्या दांडीला टेकवून बसायची. आधी फेसवॉश, मग सीरम, मग डोळ्यांखालचं क्रीम, शेवटी रात्रीचं क्रीम. कितीही दमली तरी यातलं काही चुकायचं नाही. "स्किनचं असंच असतं, आई," ती म्हणायची. "रोज केलं तरच फरक पडतो." काकी खाटेवरून हसायची.

एका रात्री गालाला क्रीम चोळता चोळता जान्हवीचा हात थांबला. माझ्यात तिला स्वतःच्या खांद्यामागची खाट दिसत होती. खाटेवर काकी पाय पसरून झोपलेली. तिच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याखाली, काळा डाग होता. चादरीलाही लागला होता.

"आई, हे काय गं?"

"काय नाय झालां. चिखल असात."

चिखल नव्हता. चपलेतून वर आलेल्या खिळ्याची जखम होती. तीन दिवस काकी त्याच चपलेने चार घरी फिरली होती आणि तिला काही कळलंच नव्हतं. साखरेने तिचे तळवे कधीचे बधिर करून टाकले होते.

हॉस्पिटलात अंगठा काढावा लागला.

घरी सोडताना डॉक्टरांनी जान्हवीला समोर बसवलं. "रोज रात्री दोन्ही पाय कोमट पाण्याने धुवायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तळव्याला क्रीम लावायचं, बेचक्यांत नाही. आणि आरशात तळवा नीट बघायचा. एक रात्रसुद्धा चुकवू नका. यांना दुखणार नाही, त्यामुळे तुम्हालाच दिसायला हवं."

त्या दिवसापासून मी चेहऱ्यांचा आरसा उरलो नाही.

तुम्हाला वाटेल, इतकं झाल्यावर रोज करणं काय कठीण? पहिले पाच दिवस झालं. सहाव्या दिवशी पाहुणे आले, राहिलं. आठव्या दिवशी काकीच म्हणाली, "सकाळी बघूया." जान्हवी चिडली, मग रडली, मग तिने वेळच बांधून टाकली. जेवणाची ताटं घासून झाली की टब काढायचा, हात पुसायच्याही आधी. कॅलेंडरवर फुली मारायची. महिनाभर एकही चौकट रिकामी राहिली नाही. तिच्या स्वतःच्या बाटल्यांवर मात्र धूळ बसली. सीरम पिवळं पडलं, ते तिने टाकून दिलं.

मग ऑफिसने तिला रात्रीच्या पाळीत टाकलं.

जाताना तिने लवूकाकांना सगळं दाखवलं. "बाबा, आता तुम्ही करायचं." त्यांनी मान हलवली. त्या रात्री त्यांनी टबात पाणी ओतलं, खाली बसले. काकीने पाय वर ओढून घेतले.

"माझ्या पायाक हात लावू नकात. माका पाप लागात."

"डॉक्टरांनी सांगितला हा."

"त्यांका काय जाता सांगूक? नवऱ्यान बायलेचे पाय धुवूचे?"

 लवूकाका पाणी मोरीत ओतून गॅलरीत गेले. सकाळी जान्हवीने विचारलं तर दोघंही म्हणाली, झालं. पहाटे परतणारी पोर, तिने विश्वास ठेवला. कॅलेंडरवर तिनेच चार फुल्या मारल्या. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला, मला सगळं माहीत होतं. पण आरशाला समोर येईल तेवढंच सांगता येतं आणि माझ्यासमोर कुणी पाय आणलाच नाही.

पाचव्या दिवशी सुट्टी होती. जान्हवीने मला डाव्या टाचेखाली धरलं. तिथे काळानिळा फोड होता, कडेने लाल. मी तिच्या हातातून सुटून फरशीवर पडलो. तडा तेव्हाचा.

डॉक्टरांनी जखम साफ केली. "या वेळी बोटावर भागणार नाही," ते म्हणाले. "पू वर चढला तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. दोन आठवडे बघू. मलमपट्टी सिस्टर करतील, पण बाकीचा तळवा आणि दुसरा पाय रोज रात्री तपासा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जान्हवी कामावर निघाली. सुट्ट्या संपलेल्या, नोकरी गेली तर औषधंही गेली. दारात तिने वडिलांकडे नुसतं बघितलं. 

ती गेल्यावर लवूकाकांनी टब काढला. काकीने पुन्हा पाय ओढले. या वेळी ते उठले नाहीत.

"पाप लागलां तर लागांदे. तुझो पाय गेलो तर मी काय करू गो?"

 काकीने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण पाय सैल सोडला. गिरणीत वर्षानुवर्षं दोरा सांधलेली काकांची बोटं तिच्या बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपत होती. मग त्यांनी मला तळव्याखाली धरलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाईलची बॅटरी लावून, नाक माझ्याजवळ आणून ते बघत राहिले. माझ्यात सगळं होतं, पट्टीच्या कडेची लाली, टाचेची भेग. मी जीव तोडून दाखवत होतो. त्यांना दिसतंय की नाही, हे मला कळत नव्हतं. शेवटी ते मोबाईलवर फोटो काढून लेकीला पाठवायला शिकले.

याला आज अकरा रात्री झाल्या. जखम वाढलेली नाही. भरतेय असंही डॉक्टर म्हणत नाहीत. सोमवारी ते ठरवणार आहेत.

तुमच्या घरात असे बधिर पाय असतील, तर आज झोपण्याआधी उलटून बघा. आरसा नसेल तर स्टीलच्या ताटाची पाठ चालेल. उद्यावर टाकू नका. चार रात्रींत काय होतं ते मी पाहिलंय.

आत्ता ताटं घासून झालीत. लवूकाका बातम्या बघत बसलेत, उठायला जरा उशीर होतोय. खाटेवरून जानकीकाकीने पाय पुढे केला आणि भिंतीकडे न वळता म्हणाली,

"आज बघूचे नाय काय?"