भिंतीतली भावबंदकी

पेन्सिलीची कालची रेघ... आणि तिच्यापुढे बोटभर सरकलेली बुरशी.

"बेटा, झूला इस दीवार से दूर रख, गीली है," शेजारी एकट्याच राहणाऱ्या हंसाबेन आषाढात दारातून म्हणाल्या होत्या, आणि संचितानं हसत ऐकवलं होतं, "पानी तो आपके ही बाथरूम का है." वर सोसायटीच्या ग्रुपवर ओलीचा फोटोही टाकला. तेव्हापासून बोलणं बंद. पाळणा मात्र तिथंच. मीरा रोडच्या वन रूम किचनमध्ये दुसरी भिंत आणायची कुठून...

भिंतीवर आधी दोन जातींची बुरशी होती, काळी आणि राखाडी. दोघी भिडायच्या तिथं कड दातेरी, करवतीसारखी. कॉलेजात बुरशी वाढवायच्या काचेच्या थाळीत असं दिसलं की सर म्हणत, "लागली बघा भावबंदकी," आणि सगळी बॅच हसे. संचिता मात्र बघतच राही—जणू फार उंचावरून दिसणारा खाडीचा काठ... तशीच आताही ती बघत होती, घुरघुरत्या छातीच्या छकुलीला खांद्यावर घेऊन, दुपार कलली तरी.

चूक तिचीच. तिनं फक्त काळी पुसली होती. काळी ती वाईट, हे बी.एस्सी. होऊनही मनातून गेलं नव्हतं. काळीनंच राखाडीला अडवून धरलंय, हे तिला कळायला हवं होतं, थाळीत पाहिलेलं, परीक्षेत लिहिलेलं... आता समोर कोणी नाही म्हटल्यावर राखाडीची कड कशी गुळगुळीत, साय धरावी तशी, पाळण्याकडे निघालेली.

तिनं पाळणा दाराशी ओढला. वाट अडली, अडू दे. छकुली खोकली, आणि संचिता सवयीनं थांबली—कारण छकुली खोकली की भिंतीपलीकडून हंसाबेन खोकायच्या. नवरा, नीलेश, चिडवायचा, "त्या दोघींचं बरं चाललंय, तूच बोलत नाहीस."

आज पलीकडून काही नाही. कालही... काल तरी आलं होतं का? ओल तिकडेही असणारच, इथल्यापेक्षा जास्तच. भिंतीपलीकडची शांतता गुळगुळीत होती, एकही दाता नसलेली.

दाराच्या कडीवर तिचा हात गेला, आणि तिथंच राहिला. तो फोटो अजून ग्रुपवर आहे. कुठल्या तोंडानं जाऊ मी...

तुम्ही जिना चढत असाल तर, तिसरा मजला, डावीकडचं दार हंसाबेनचं. बेल बिघडलीय, कडी वाजवा. हंसाबेन ओ देतात का, तेवढं बघा. मी इथंच आहे, भिंतीला कान लावून.