रिकामा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर ‘सौ. सुमित्रा, १९८१’ असं कोरलेलं आहे, त्यामुळे मला वय चोरता येत नाही. मी एक जुना स्टीलचा डबा आहे. पुण्याच्या एका भांड्यांच्या दुकानात ठकठक करत माझ्यावर हे नाव घातलं आणि डॉक्टर सुमित्राकाकूंबरोबर मी अमेरिकेत आलो. इथे अल्फारेटात मी चाळीस दिवाळ्यांचा फराळ सांभाळला. माझं झाकण घट्ट बसतं, याचं मला जरा जास्तच कौतुक आहे.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या घरात हालिना नावाची बाई भाड्याने राहायला आली. ती युक्रेनची. शेजारच्या रशियाने तिच्या देशावर हल्ला केला होता. तिचा एकुलता एक भाऊ तिकडेच लढत होता.

“पण भांडण कशाचं?” काकूंच्या यजमानांनी, विवेककाकांनी तिला विचारलं.

“रशियात एकाच माणसाचं चालतं,” हालिना म्हणाली. “त्याला नाही म्हणणारे तुरुंगात गेले, पेपर बंद पडले. मग तो म्हणाला, तुमचं घर मुळात आमचंच. त्याला अडवायला तिथे कोणी उरलंच नव्हतं.”

काकूंनी तिला माझ्यातून चकल्या पाठवल्या. तिने मला लख्ख घासून तसंच परत आणलं. काकू हसल्या. “अगं, आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. नेव्हर एम्प्टी, ओके?”

हालिनाने ते मनावर घेतलं. मग मी कधी खसखशीचे रोल, कधी मधाची बिस्किटं घेऊन परतायचो. त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

या जानेवारीत तिला फोन आला. भाऊ गेला. ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. तेव्हापासून तिची चूल पेटली नाही. मी तिच्याच फळीवर होतो. अधूनमधून ती मला खाली घ्यायची, आत बघायची आणि पुन्हा वर ठेवायची. अगं, तशीच जा, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण डब्याला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

एकदा खिडकीतून काकूंचा आवाज आला. “फोन पण उचलत नाही ती. मी गेले तर वाटेल, डबा मागायला आले. उगाच ऑकवर्ड.”

मार्चमध्ये हालिना घर सोडून गेली. घरमालकीण मला काकूंकडे घेऊन आली. “हालिनाचा भाऊ वारला जानेवारीत. डबा रिकामा देतेय म्हणून तिने सॉरी सांगितलंय.”

काकू पायरीवरच बसल्या. “दहा पावलांवर होती गं,” एवढंच म्हणाल्या. नंतर त्यांनी बरेच फोन केले. तो नंबर आता लागत नाही. तेव्हापासून मी कपाटात मागे पडून आहे. काकू माझ्यात काही भरत नाहीत.

मित्रांनो, दूरच्या एका हुकूमशहाची हाव माझ्या फळीपर्यंत पोचली. त्याला अडवणं तुमच्या-माझ्या हातात नव्हतं. पण शेजारचं दार वाजवणं हातात असतं. डबा परत यायची वाट बघू नका. रिकाम्या हातांनी जा, पण जा.